गॅरेजमधून थेट घरात येणारे दार: बंगला आणि रो-हाउससाठी सविस्तर मार्गदर्शन

ठाण्यातील घोडबंदर पट्ट्यातले बंगले असोत किंवा वाशी, नेरुळ, ऐरोली, खारघर भागातली रो-हाउसे असोत, अनेक घरांत गाडीची जागा घराला लागूनच असते. मात्र गाडीतून उतरून घरात यायचे तर शटरबाहेर पडून, अंगणाला वळसा घालून मुख्य दारापर्यंत यावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात हातात सामान, सोबत वृद्ध आई-वडील किंवा झोपलेले मूल असताना हा वळसा नकोसा होतो आणि मधल्या भिंतीतच दार काढून घ्यावे, असा विचार घरोघरी होतो. विचार योग्य आहे. मात्र काम गवंड्याला बोलावून भोक पाडण्याइतके सरळ नाही.

ती भिंत इतकी वर्षे गुपचूप बरीच कामे करत असते. पेट्रोलची वाफ, इंजिनाचा धूर आणि गाडीला लागलेली आग ती घरापासून दूर ठेवते. शटर उचकटून आत शिरलेल्या चोराला ती अडवते. गॅरेजमध्ये साचलेले पाणी आणि तिथले डास, उंदीर यांनाही ती रोखते. शिवाय वरचा भार पेलत असेल तर तेही तिचेच काम. दार काढले की यातले प्रत्येक संरक्षण त्या एका जागी नाहीसे होते. म्हणून जागा, लिंटेल (दारावरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी), चौकट, पल्ला, कुलूप, उंबरठा यांपैकी काहीही ठरवताना भिंतीचे कोणते काम आपण काढून घेतले आणि ते कशाने भरून काढणार आहोत, हा प्रश्न समोर ठेवावा.

परवानगीची बाजू

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार, इमारतीच्या केवळ अंतर्भागापुरत्या किंवा बाह्य रूपावर फारसा परिणाम न करणाऱ्या फेरफारांना विकास परवानगीच्या अटीतून सूट आहे. त्यामुळे आतल्या साध्या विटांच्या भिंतीत दार काढणे सामान्यतः या सुटीत बसते. तरीही तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. भिंत भार पेलणारी असेल तर काम संरचनेशी संबंधित ठरते आणि परवानाधारक स्ट्रक्चरल अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय तिला हात लावू नये. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने भाडेपट्ट्यातील बांधकामविषयक अटी वाचून घ्याव्यात. रो-हाउसची सोसायटी असेल तर काम सुरू होण्यापूर्वी समितीला नकाशासह पत्र देऊन पोच घ्यावी; पुढे घर विकताना हाच कागद उपयोगी पडतो.

मंजूर नकाशात जी जागा पार्किंग म्हणून दाखवली आहे, ती पार्किंगच राहिली पाहिजे. दार झाले म्हणून गॅरेजचे हळूहळू ऑफिस, शिकवणीची खोली किंवा भाड्याची खोली करणे हा वापरातील बदल आहे आणि महापालिका त्यावर कारवाई करू शकते.

रो-हाउसमध्ये एक खबरदारी अधिक घ्यावी. आपल्या गॅरेजच्या दोन बाजूंच्या भिंतींपैकी एक शेजाऱ्याच्या घराची सामाईक भिंत असू शकते. आपल्याला फोडायची आहे ती भिंत पूर्णपणे आपल्याच दोन खोल्यांच्या मधली आहे, याची खात्री नकाशावरून करावी.

भिंत ओळखणे

या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, म्हणून त्याला हवा तेवढा वेळ द्यावा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बांधलेल्या आणि आज तीस वर्षांपलीकडे गेलेल्या अनेक लहान घरांत २३० मिलिमीटर, म्हणजे नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला असतो. त्यानंतरच्या बहुतेक बांधकामांत आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, कॉलम आणि बीमचा सांगाडा उभारून मधल्या जागा विटांनी किंवा सिपोरेक्स या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकने भरलेल्या असतात. पहिल्या प्रकारात भिंत हीच रचना असते. दुसऱ्यात ती बहुधा केवळ आडोसा असते.

मंजूर नकाशा आणि आरसीसीचे रेखाटन उपलब्ध असल्यास तेथूनच सुरुवात करावी. ते नसेल तर भिंतीच्या माथ्याशी छताला लागून बीम दिसतो का, भिंतीच्या दोन्ही टोकांना कॉलम आहेत का, वरच्या मजल्यावर नेमकी याच रेषेत भिंत उभी आहे का आणि जाडी किती आहे, हे पाहावे. वाजवून पाहण्यावर विसंबू नये. जाड प्लास्टरखाली सगळेच भरीव वाजते. गॅरेजच्या बाजूने एक लहानसा तुकडा प्लास्टर काढला की वीट आहे, ब्लॉक आहे की काँक्रीट, हे उघड दिसते. काँक्रीट निघाले तर ते कॉलम किंवा आरसीसी भिंत असू शकते. अशा ठिकाणी दाराचा विचार सोडून द्यावा.

खाडीकाठच्या भागांत घराच्या वयाबरोबर हवेतल्या क्षाराचाही विचार करावा लागतो. सळया गंजून काँक्रीट सुटत चालले असेल, स्लॅबच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग आणि सळईच्या रेषेत तडे दिसत असतील, तर आधी दुरुस्ती करावी आणि मगच दार काढावे. ठोकाठोकीच्या हादऱ्यांनी सुटलेले काँक्रीट खाली येते. भराव घालून तयार केलेल्या जमिनीवरील घरांत भिंतीला तिरके तडे असतील तर घर अजून खचत आहे का, हे तपासण्यासाठी तड्यावर काचेची पट्टी चिकटवून काही महिने लक्ष ठेवावे. पट्टी तुटली तर हालचाल सुरू आहे. हा परिसर भूकंपाच्या दृष्टीने आजवर झोन ३ मध्ये धरला जात आला आहे, त्यामुळे भार पेलणाऱ्या भिंतीत मोठी उघडी जागा निर्माण करताना अभियंत्याला हेही गणित करावे लागते.

दाराची जागा

दार शयनगृहात उघडू नये. झोपलेल्या माणसाला धूर किंवा वाफ जाणवत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेत गॅरेजमधून थेट झोपण्याच्या खोलीत उघडणारे दार निषिद्धच आहे. स्वयंपाकघरात उघडणारे दार सोयीचे वाटते, परंतु शेगडी जवळ असल्यास तेही टाळावे. पॅसेज, कोठीची खोली किंवा जिन्याजवळची मोकळी जागा सर्वांत चांगली. जिन्याखाली दार काढताना मात्र डोक्यावर २१०० मिलिमीटरहून कमी उंची उरत नाही ना, ते मोजून घ्यावे. वास्तुशास्त्र पाहणाऱ्यांनी ते याच टप्प्यावर पाहून घ्यावे, लिंटेल टाकल्यावर नाही.

भार पेलणाऱ्या भिंतीत दाराची कड भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान ४५० ते ६०० मिलिमीटर आत असावी, म्हणजे लिंटेलला टेकायला पुरेशी भरीव भिंत राहते. वरच्या मजल्यावर खिडकी असेल तर दोन उघड्या जागांमधल्या भागावर भार एकवटतो. त्याकडेही अभियंत्याचे लक्ष वेधावे.

भिंतीच्या पोटात काय आहे, हे आता शोधायचे. गॅरेजच्या भिंतीवर वीजमीटर, मुख्य स्विच, पाण्याच्या टाकीकडे जाणारे पाइप आणि पाइप गॅसची जोडणी असण्याची शक्यता मोठी असते. वीजवाहिन्या बहुधा स्विच आणि दिव्यांच्या उभ्या-आडव्या रेषेत असतात. तरी तार शोधणारे यंत्र फिरवूनच खूण करावी. गॅसचा पाइप स्वतः किंवा ओळखीच्या प्लंबरकडून हलवू नये, ते काम गॅस कंपनीकडूनच करून घ्यावे. मीटर हलवायचा असेल तर वीज वितरण कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. अनेकदा दार तीन फूट बाजूला सरकवणेच स्वस्त पडते.

पातळी, पायऱ्या आणि गाडीची जागा

घराची जमीन गॅरेजपेक्षा उंच असते, आणि हा फरक वरदानच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पटींनी जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. ब्रिटनमधील मार्गदर्शक नियमांत दाराचा उंबरठा गॅरेजच्या जमिनीपेक्षा किमान १०० मिलिमीटर उंच असावा किंवा गॅरेजच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार असावा, असे सांगितले आहे. आपल्याकडे मुसळधार पावसात गटाराचे पाणी उलटे येते, त्यामुळे उंची आणि उतार या दोन्ही गोष्टी असाव्यात असे माझे मत आहे. दोन्ही जमिनी एकाच पातळीवर असतील तर काँक्रीट किंवा ग्रॅनाइटचा १०० मिलिमीटर उंच उंबरठा बांधून घ्यावा. अडखळण्याचा धोका असतो हे खरे, त्यासाठी त्याच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावावी. गॅरेजच्या जमिनीला शटरकडे साधारण ८० मिलिमीटरला एक मिलिमीटर उतार पुरेसा असतो.

गॅरेजची जमीन खाली असली तरी दाराची उघडी जागा घराच्या जमिनीच्या पातळीपर्यंतच फोडावी. त्याखाली बहुधा प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरचा काँक्रीटचा बीम, असतो. पायरी सोयीची व्हावी म्हणून उघडी जागा आणखी खाली नेण्याचा मोह गवंड्याला होतो आणि बीमचे काँक्रीट तासले जाते. कंत्राटदाराला हे काम सुरू होण्यापूर्वीच बजावून ठेवावे.

पातळीत ४५० मिलिमीटरचा फरक असेल तर १५० मिलिमीटर उंचीचे तीन टप्पे होतात. पाय ठेवण्याची जागा किमान २५० मिलिमीटर रुंद असावी. दारासमोर ९०० मिलिमीटरचा ओटा आणि पुढे दोन पायऱ्या अशी सरळ मांडणी केली, तर जवळजवळ दीड मीटर जागा जाते. कारसाठी साधारण २.५ मीटर × ५ मीटर जागा धरली जाते, आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्याहून फारसे काही शिल्लक नसते. म्हणून पायऱ्या भिंतीला समांतर, बाजूने उतरणाऱ्या ठेवाव्यात. गाडी जागेवर उभी करून, तिचे दार उघडून, जमिनीवर खडूने पायऱ्यांचा आराखडा काढून पाहावा. ओट्याच्या कडेला लोखंडी पाइपाचा कठडा हवाच. तो माणसाला आधार देतो आणि मागे येणाऱ्या गाडीला अडवतो.

दार कोणत्या बाजूला उघडावे, याबद्दल दोन मते आढळतात. मी घराच्या आत उघडण्याच्या बाजूचा आहे. गॅरेजच्या बाजूला उघडणारा पल्ला पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला मागे ढकलतो आणि गाडीला आपटतो. शिवाय बिजागऱ्या गॅरेजच्या बाजूला आल्याने चोराला त्यांच्या खिळ्या सहज काढता येतात. घरात जागा नसल्याने दार बाहेरच उघडणे भाग असेल, तर पूर्ण रुंदीचा ओटा आणि न निघणाऱ्या खिळ्यांच्या बिजागऱ्या यांवर तडजोड करू नये.

पल्ला आणि चौकट यांची निवड

घराच्या आतले दार म्हणून लोक सवयीने पोकळ फ्लश डोअर किंवा पीव्हीसीचे दार मागवतात. या जागी दोन्ही चुकीची आहेत. पोकळ पल्ला आगीत काही मिनिटांत जळून जातो आणि पीव्हीसी त्याही आधी मऊ पडते. वाळवी आणि ओलावा यांमुळे डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) चौकटी सध्या लोकप्रिय आहेत, न्हाणीघरासाठी त्या उत्तमही आहेत. पण पीव्हीसीसारख्याच कारणाने, म्हणजे उष्णतेपुढे त्या टिकत नाहीत म्हणून, इथे त्या बसवू नयेत.

अमेरिकी संहिता अशा दारासाठी किमान ३५ मिलिमीटर जाडीचे भरीव लाकडी दार किंवा २० मिनिटे आग रोखणारे दार मागते. ब्रिटनमध्ये ३० मिनिटांचे, आपोआप बंद होणारे दार अपेक्षित असते. आपण ३० मिनिटांची कसोटी धरावी. आग रोखणारे प्रमाणित दार घेताना चौकट, पल्ला, बिजागऱ्या, कुलूप आणि क्लोजर (दार आपोआप बंद करणारे यंत्र) हे सगळे एकत्र चाचणी झालेले असतात, हे लक्षात ठेवावे. एकाचा पल्ला आणि दुसऱ्याची चौकट घेतली की प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. पल्ल्यावरची पाटी खरवडू नये, त्यात नंतर पाहण्याचे भोक पाडू नये आणि उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे कड रंधू नये. चौकटीच्या किंवा पल्ल्याच्या खाचेत बसवलेली उष्णतेने फुगणारी पट्टी आगीच्या वेळी फट बुजवते. सुताराने किंवा रंगाऱ्याने ती काढून टाकली वा जाड रंगाखाली गाडली, असे होऊ देऊ नये.

प्रमाणित दार परवडत नसेल तर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, भरीव गाभ्याचा, पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने बनवलेला पल्ला आणि जस्तलेपित पोलादी किंवा चांगल्या मुरलेल्या सागवानाची चौकट, हा किमान पर्याय आहे. पोलादी चौकट बसवताना तिची पोकळी सिमेंटच्या मालाने पूर्ण भरावी. लाकडी चौकटीची भिंतीला लागणारी बाजू वाळवीरोधक लावून, प्रायमर मारून मगच बसवावी. एकदा भिंतीत गेल्यावर तिथे पुन्हा हात पोहोचत नाही.

मापे काढणे

मापे कायम पल्ल्यापासून बाहेरच्या दिशेने काढावीत. समजा पल्ला ९०० × २१०० मिलिमीटर आहे आणि लाकडी चौकटीचा छेद १२५ × ६५ मिलिमीटर आहे. पल्ला दोन्ही बाजूंना चौकटीच्या १२ मिलिमीटर खाचेत बसतो, म्हणून चौकटीच्या आतली मोकळी रुंदी ८७६ मिलिमीटर होते. तिला दोन्ही बाजूंचे ६५ मिलिमीटर जोडले की चौकटीची बाहेरची रुंदी १००६ मिलिमीटर येते, आणि बसवण्यासाठी दोन्हीकडे सुमारे १२ मिलिमीटर सोडले की भिंतीतील उघडी जागा १०३० मिलिमीटर ठरते. उंचीत २१०० मध्ये डोक्यावरच्या लाकडाचे उरलेले ५३ मिलिमीटर आणि वरची फट धरून तयार जमिनीपासून सुमारे २१६५ मिलिमीटर होतात. तयार जमीन म्हणजे फरशी बसल्यानंतरची जमीन. नवी फरशी टाकायची असेल तर तिची जाडी आत्ताच हिशोबात घ्यावी. पोलादी किंवा प्रमाणित दाराचे माप मात्र उत्पादकाच्या कागदावरूनच घ्यावे, आणि दार हाती आल्याशिवाय भिंत फोडू नये.

लिंटेल बसवणे

आधीच ओतून मुरवलेले लिंटेल जागेवर ओतलेल्या लिंटेलपेक्षा अशा कामात कितीतरी सोयीचे असते, कारण ते बसवल्याक्षणी पक्के असते. १०३० मिलिमीटरच्या उघड्या जागेला दोन्ही टोकांना २०० मिलिमीटरहून थोडे अधिक टेकू मिळावे म्हणून १४५० मिलिमीटर लांबी घ्यावी. २३० मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर उंच अशा एकाच लिंटेलचे वजन सुमारे १२५ किलो भरते. डोक्याच्या वर ते उचलून खाचेत सरकवणे धोक्याचे आहे. त्याऐवजी ११५ मिलिमीटर रुंदीची दोन लिंटेले करावीत. प्रत्येकाचे वजन साठ-पासष्ट किलो होते आणि दोन माणसे ते घोडीवर उभे राहून बसवू शकतात.

एम-२० प्रतीचे काँक्रीट, खाली १० मिलिमीटरच्या दोन सळया, वर ८ मिलिमीटरच्या दोन आणि १५० मिलिमीटर अंतरावर कड्या, असे साध्या आडोशाच्या भिंतीसाठीचे सर्वसाधारण लिंटेल असते. भार पेलणाऱ्या भिंतीसाठी अभियंत्याने दिलेलेच माप वापरावे. सळया खालच्या बाजूला येणे निर्णायक असते, म्हणून साच्यातून काढण्यापूर्वीच वरच्या बाजूला रंगाने मोठा बाण काढून ठेवावा. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट वापरले असेल, आणि आपल्याकडे बहुधा तेच मिळते, तर किमान १० दिवस सतत ओले ठेवावे. लिंटेले भिंत फोडण्याच्या तीन-चार आठवडे आधी अंगणातच ओतून ठेवली की हा काळ कामाच्या आड येत नाही.

भिंत अखंड असेल तर उघड्या जागेवर साधारण त्रिकोणी आकाराएवढ्याच विटांचा भार लिंटेलवर येतो, बाकीचा कमानीसारखा दोन्ही बाजूंना वळतो. या त्रिकोणात स्लॅब किंवा बीमचे टोक येत असेल तर गणित बदलते, आणि तिथे टेकू दिल्याशिवाय एकही वीट काढू नये. टेकू देताना वर आणि खाली जाड फळ्या घालाव्यात, जॅक कसावेत, आणि खालची फळी नुसत्या फरशीवर न ठेवता ती पोकळ जमिनीवर तर नाही ना, हे पाहावे. स्लॅब दोन्ही बाजूंच्या खोल्यांत पसरलेला असेल तर टेकूही दोन्ही खोल्यांत लागतात.

आता प्रत्यक्ष काम. मुख्य स्विच बंद करावा, गॅरेजमधील गाडी, पेट्रोलचे डबे, रंग आणि थिनर बाहेर काढावे, घराच्या बाजूने जाड प्लास्टिकचा पडदा छतापासून जमिनीपर्यंत चिकटवावा. उघड्या जागेच्या चार कोपऱ्यांवर लांब बिटने आरपार भोके पाडावीत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खुणा तंतोतंत जुळतात. त्यानंतर ओळंबा आणि लेव्हल पाइप लावून दोन्ही बाजूंना रेषा आखाव्यात.

आधी भिंतीच्या एकाच बाजूने, अर्ध्या जाडीइतकी आडवी खाच कटर आणि छन्नीने काढावी. टोकांना सिमेंटच्या मालाचा थर देऊन पहिले लिंटेल आत सरकवावे, पातळी पाहावी आणि लिंटेल व वरच्या विटा यांमधली फट पोलादी पाचरी आणि जेमतेम ओल्या, घट्ट ठासलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने किंवा न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी. ही फट वरवर भरणे हा या कामातला नेहमीचा हलगर्जीपणा आहे. मग वरच्या विटा खाली बसतात आणि वर्षभरात दाराच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. माल दोन-तीन दिवस मुरू द्यावा. मग दुसऱ्या बाजूने तीच कृती करून दुसरे लिंटेल बसवावे. या पद्धतीत भिंतीची अर्धी जाडी प्रत्येक क्षणी भार पेलत राहते.

दुसऱ्या लिंटेलखालचा माल पक्का होईपर्यंत खालच्या विटांना हात लावू नये. आठवडाभर थांबणे बरे. नंतर दोन्ही बाजूंच्या उभ्या रेषा कटरने कापून, वरून खाली एकेक थर विटा काढाव्यात. घणाने मारून भिंत पाडू नये. कटरवर पाण्याची धार ठेवली तर धूळ पुष्कळ कमी उडते. विटा आणि प्लास्टरची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, म्हणून गवंडी आणि बिगारी दोघांनाही चांगले मास्क द्यावेत आणि ते लावण्याचा आग्रह धरावा.

भिंत ११५ मिलिमीटरचीच, म्हणजे साडेचार इंची असेल तर एक लिंटेल पुरते. पण एवढ्या पातळ भिंतीवर जड, आपोआप आपटून बंद होणारे दार टिकत नाही. दोन्ही बाजूंना जमिनीपासून लिंटेलपर्यंत आरसीसीची अरुंद उभी पट्टी ओतून घ्यावी आणि चौकट तिला बांधावी. सिपोरेक्स ब्लॉकमध्ये साधे होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सैल होतात, तिथेही हाच उपाय चांगला.

चौकट, पल्ला आणि कुलूप

चौकट घराच्या बाजूच्या प्लास्टरशी समपातळीत बसवावी, म्हणजे पल्ला भिंतीला लागेपर्यंत पूर्ण उघडतो. दोन्ही उभ्या लाकडांना प्रत्येकी तीन होल्डफास्ट लावून ते काँक्रीटमध्ये पक्के करावेत. ओळंबा समोरून आणि बाजूने असा दोनदा लावावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल तर माल भरण्याआधीच चौकट सरळ करावी. चौकट आणि भिंत यांमधली फट मालाने ठासून भरावी. साधा फुगणारा फोम वेळ वाचवतो खरा, पण तो जळतो, आणि मग आग रोखणाऱ्या दाराभोवती आगीलाच वाट मिळते.

जड पल्ल्याला किमान तीन स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या हव्यात. खाडीकडच्या हवेत साध्या लोखंडी बिजागऱ्या दोन पावसाळ्यांतच कुरकुरू लागतात. पल्ला आणि चौकट यांच्यात बाजूंनी आणि वर साधारण ३ मिलिमीटर फट ठेवावी, आणि खाली उंबरठ्यावर टेकणारी रबरी पट्टी लावावी. लाकडी पल्ला पावसाळ्यात फुगतो म्हणून सुतार फट अधिक ठेवायला सांगतात. त्यापेक्षा पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडाही रंगाने पूर्ण बंद कराव्यात, कारण ओलावा बहुतेक त्याच कडांतून आत शिरतो.

हायड्रॉलिक क्लोजर ही या दारातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. उघडे राहिलेले आग रोखणारे दार काहीच रोखत नाही. क्लोजर पल्ल्याच्या रुंदीला आणि वजनाला साजेसा घ्यावा आणि तो इतका जुळवावा की कोणत्याही कोनातून सोडलेले दार स्वतःहून पूर्ण बंद होऊन कुलपाची जीभ चौकटीत बसेल. दाराखाली पाचर, चप्पल किंवा पायपुसणे अडकवण्याची सवय घरात लागू देऊ नये.

कुलूप मुख्य दाराच्या तोडीचे असावे. शटर उचकटले की चोराला बाहेरून कोणी पाहू शकत नाही आणि हाताशी भरपूर वेळ असतो. शिवाय हातोडी, स्क्रू ड्रायव्हर अशी अवजारे आपणच तिथे ठेवलेली असतात. मॉर्टिस लॉक आणि घराच्या बाजूने एक वेगळी कडी लावावी. घराच्या बाजूने मात्र दार किल्लीशिवाय उघडले पाहिजे. आगीच्या धुरात किल्ली सापडत नाही. गॅरेज हा घरातून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग कधीही नसावा.

दाराभोवतीची उरलेली कामे

चांगले दार बसवूनही भिंतीतल्या इतर फटी तशाच राहिल्या तर सगळे व्यर्थ. गॅरेजवर पत्रा किंवा कौले असतील तर मधली भिंत थेट छतापर्यंत गेलेली आहे का, ते शिडी लावून पाहावे. पुष्कळ ठिकाणी ती फूटभर खालीच थांबलेली असते. ती वरपर्यंत चढवून घ्यावी. पाइप आणि तारा ज्या भोकांतून आरपार जातात, ती मालाने किंवा आग रोखणाऱ्या सीलंटने भरावीत. बंद गॅरेजला जमिनीलगत आणि छतालगत अशा दोन्ही ठिकाणी बाहेर उघडणाऱ्या जाळीच्या खिडक्या किंवा झरोके हवेत, म्हणजे जड वाफ खालून आणि उष्ण हवा वरून निघून जाते.

गॅरेजमधील स्विच आणि सॉकेट जमिनीपासून ४५० मिलिमीटरपेक्षा वरच ठेवावेत, कारण साचलेल्या वाफेला ठिणगी मिळू नये. विजेवर चालणारी स्कूटर किंवा कार चार्ज करायची असेल तर चार्जिंगची जागा या दारापासून शक्य तितकी दूर, शटरच्या बाजूला ठेवावी. तिच्यासाठी स्वतंत्र सर्किट, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. लिथियम बॅटरीची आग विझवायला कठीण आणि तिचा धूर विषारी असतो. स्कूटरची सुटी बॅटरी या दारातून घरात आणून रात्रभर चार्ज करण्याची सोय झाली, असे कोणी समजू नये. गॅस सिलिंडर गॅरेजमध्ये ठेवू नये.

इंजिन सुरू केले की गाडी लगेच बाहेर काढावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि शटर उघडे असले तरी वाऱ्याच्या दिशेनुसार तो घरात शिरू शकतो. दाराच्या घराकडील बाजूला, पॅसेजमध्ये, कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा गजर लावावा. गॅरेजच्या आत धुराचा गजर गाडीच्या धुराने वारंवार वाजतो व शेवटी कोणीतरी त्याचे सेल काढून ठेवते. तिथे उष्णतेवर चालणारा गजर योग्य.

हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत काढावे. पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही, लाकूड फुगलेल्या अवस्थेत बसते आणि हिवाळ्यात आकसून फटी पडतात. निघालेला राडारोडा खाडीकाठी किंवा कांदळवनात टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला देऊ नये, कारण तसे करणे बेकायदेशीर आहे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारून, ठरवून दिलेल्या जागीच तो पोहोचवावा आणि पावती जपून ठेवावी.

ताबा घेताना गॅरेजमध्ये दिवा लावून घराकडचे दिवे बंद करावेत आणि दार बंद करून चौकटीच्या कडेने उजेड कुठून येतो, ते पाहावे. जिथून उजेड येतो तिथून धूरही येईल. मग दार पूर्ण उघडून, अर्धे उघडून आणि जेमतेम बोटभर उघडून सोडावे. तिन्ही वेळा कुलूप लागल्याचा आवाज आला पाहिजे. गॅरेजच्या जमिनीवर दोन बादल्या पाणी ओतून ते शटरकडेच वाहते का, हेही तपासावे. पहिल्या पावसाळ्यानंतर क्लोजरचा स्क्रू पुन्हा जुळवावा लागतो, त्यामुळे सुताराच्या शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम तोपर्यंत राखून ठेवण्याचे कामाआधीच बोलून घ्यावे.